पलंगावर बसलेल्या डॉक्टरबाई

नाशिक,
शनिवार

ती. ताईस,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी ‘सगळं ठीक’ म्हणाले. सूनबाई शेजारीच होती. खरं काय ते आज लिहिते.

हृदयाची झडप बदलून पुढच्या महिन्यात ११ वर्षं होतील. लहानपणी मला तो सांध्यांचा ताप आला होता, आई चुलीपुढं बसवून गुडघे शेकायची, आठवतं? खरी झडप तेव्हाच खराब झाली. आताची कृत्रिम, रात्री कुशीवर वळले की तिची टिकटिक ऐकू येते. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिनची गोळी, आणि रक्त किती पातळ झालंय ते कळायला आयएनआर. माझा २.५ ते ३.५ हवा. खाली गुठळीची भीती, वर रक्तस्रावाची.

इतकी वर्षं लॅबचा मुलगा यायचा. शीर सापडेना की दुसरा हात. नळी गेली की दिवसभर माझे कान फोनकडं. गेल्या वर्षी आकडा ५ च्या वर गेला होता, पण वेळेत कुणी कळवलंच नाही. मी नेहमीची गोळी घेतली आणि पहाटे नाकातल्या रक्तानं उशी भिजली. तेव्हापासून गोळी हातात घेतली की धस्स होतं.

गुडघ्यांनी जिना बंद केला आणि डॉक्टरबाई घरी यायला लागल्या. साखरेच्या मशीनसारखंच त्यांचं मशीन, जरा मोठं. बोट कोमट पाण्यात धरायला लावतात, पुसतात, पेराच्या कडेला टोचतात. थेंब पट्टीला लागला की मिनिटभरात आकडा. फार वरचा आला तर शिरेतलं रक्त लॅबला पाठवतातच.

गुरुवारी १.९ आला. बाई माझ्या बोटावर कापूस दाबून तशाच बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “काकू, गोळ्या चुकल्या का?”

मी मेथीचं नाव पुढं करणार होते. हंगाम आहे, रोज भाजी चाललीय, तिच्यातल्या व्हिटॅमिन के नं आकडा उतरतोच. पण उशाजवळच्या डबीतल्या शिल्लक गोळ्या त्यांना दिसत होत्या. सांगून टाकलं. हिरड्यांतून रक्त आलं, घाबरले, तीन दिवस गोळी घेतली नाही. सांगताना रडूच आलं गं.

रागावल्या नाहीत. टॉर्च धरून हिरड्या पाहिल्या, नवा ब्रश कडक आहे म्हणाल्या. मेथी सोडू नका, पण रोज सारखीच खा. गोळी आहे तेवढीच ठेवली.

ताई, नुसता कागद गेला असता तर १.९ बघून गोळी वाढवली असती. आणि वाढवलेली मी नेमानं घेतली असती तर? या विचारानं दोन रात्री झोप नाही.

बाई सोमवारी पुन्हा येणार आहेत. आकडा कळवते. सूनबाईला अजून काही बोललेले नाही. तू संक्रांतीला आलीस की मिळून सांगू.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी