इचलकरंजीच्या मागावर वाया जाणारा पैसा

मुंबईहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी हातकणंगल्याला उतरलो. इचलकरंजीला रेल्वे नाही. स्टेशनबाहेर वडाप उभी होती. दहा माणसांच्या जागेत पंधरा माणसे बसली आणि आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. तो संपत आला तसा एक आवाज कानावर येऊ लागला. खट खट, खट खट. गल्लीगल्लीतून, पत्र्याच्या शेडमधून, राहत्या घराच्या पुढच्या सोप्यातूनही तोच आवाज. शेजारी बसलेले म्हातारबाबा म्हणाले, "पाव्हणं, ह्यो आवाज थांबला की समजायचं गाव उपाशी हाय."

या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आधार दिला. त्यानंतर मागावर मागाची भर पडत गेली आणि लोक या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. २०२२ साली येथे महानगरपालिका झाली. तरी एकमेकांना हाक मारण्याची रीत अजून गावाचीच आहे.

मी गेलो होतो बहिणीकडे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आय.टी.आय. झालेला वायरमन. कारखान्यात कायमची नोकरी मिळाली नाही, म्हणून त्याने वेगळेच काम धरले. छोट्या मागवाल्यांकडे जायचे, वीज कुठे वाया जाते ते शोधायचे आणि दुरुस्ती करून द्यायची. बिल उतरले तरच तो मजुरी घेतो. मी म्हणालो, "अरे, अशाने तुझे पोट कसे भरायचे?" तो हसला. "मामा, दोन दिवस माझ्याबरोबर फिरा, मग सांगा."

पहिल्या दिवशी आम्ही एका खर्चीवाल्याकडे गेलो. वाचकांना हा शब्द नवा असेल. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, आणि मजुरीवर विणून देणारा तो खर्चीवाला. माग, जागा, विजेचे बिल आणि कामगार हे सगळे त्याच्या डोक्यावर. या माणसाकडे बारा माग होते. चार भंगारात गेले, आठ उरले. ते चार जिथे होते तिथे जमिनीवर फक्त तेलाचे काळे डाग होते. विजेचे बिल त्यांनी खिशातून काढून आमच्यापुढे धरले. घडी घालून घालून कागद मऊ पडला होता. "हे बघा. सुताचा भाव माझ्या हातात न्हाई, मजुरीचा दर व्यापारी ठरवतो. आता हेही चार इकून टाकावंत म्हणतोय."

भाच्याने खिशातून काहीच यंत्र काढले नाही. पाळी बदलताना सगळे माग बंद झाले, दिवे बंद झाले, तेव्हा तो मीटरपुढे जाऊन उभा राहिला. मीटरवरचा लाल दिवा मधूनमधून लुकलुकत होता. सगळे बंद असताना मीटर का चालावे? शोधता शोधता भिंतीच्या ओलीतून गेलेली जुनी वायर सापडली. तिचे आवरण कुजले होते. विजेची गळती तर होतीच, पण उद्या एखाद्या कामगाराचा हात लागला असता तर?

मग तो एकेका मागाखाली वाकला. पट्ट्याच्या खाली काळी भुकटी पडली होती. "मामा, ही रबराची राख नव्हे, ही वीज आहे." पट्टा सैल असला की पुलीवर घसरतो, तापतो, झिजतो. मोटर वीज ओढते, माग मात्र तेवढा चालत नाही. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे साडेसातशे वॉटची मोटर असते. ती जळाली की मालक नवी घेत नाही, पुन्हा तारा गुंडाळून आणतो. गुंडाळणी नीट झाली नाही तर मोटर दर खेपेला जास्त तापते आणि त्याच कामाला जास्त वीज खाते. पट्टा ताणायला पैसा लागत नाही. लागतो एक पाना आणि पंधरा मिनिटे.

वर दहा जुन्या ट्यूबा होत्या. लोखंडी चोकसकट एक ट्यूब सुमारे पन्नास वॉट घेते. तेवढाच उजेड देणारी एल.ई.डी.ची पट्टी वीस वॉटवर भागवते. एका ट्यूबमागे तीस वॉट वाचले, तर दहा ट्यूबांमागे तीनशे. दिवसाचे वीस तास दिवे जळतात, म्हणजे रोज सहा युनिट. महिन्याच्या सव्वीस दिवसांचे १५६ युनिट झाले. भाच्याने हा हिशेब खडूने भिंतीवर मांडला आणि म्हणाला, "तुमच्या बिलावरचा दर घाला आणि तुम्हीच गुणा." छपराचे दोन गंजके पत्रे काढून तिथे पारदर्शक पत्रे बसवले, तर दिवसा काही दिवे लावायचीही गरज नाही.

मालकांनी विचारले, "सौर पत्रं बसवू काय?" केंद्र सरकारने २०१७ साली 'पॉवरटेक्स इंडिया' ही योजना काढली होती. तिच्यात साधे माग सुधारण्यासाठी आणि सौर विजेसाठी मदत होती. त्या वेळी ऐकलेले त्यांच्या मनात होते. भाचा म्हणाला, "काका, फुटक्या घागरीत पाणी भरू नका. आधी भोक बुजवा, मग सौराचं बघू."

दुसऱ्या दिवशी एका सायझिंगमध्ये गेलो. मागावर चढण्याआधी उभ्या सुताला खळ लावतात, वाफेच्या सिलिंडरवर वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. वाफेसाठी बॉयलर, बॉयलरसाठी जळण. आत शिरताच चुलीपुढे बसल्यासारखी धग लागली. ती बॉयलरची नव्हती, वाफेच्या उघड्या नळीची होती. तिच्यावरची काचलोकर कधीच गळून गेली होती. जी उष्णता सुताला मिळायची, ती कामगाराच्या अंगावर जात होती. मालकाचे जळण वाया आणि कामगाराचा जीव हैराण, दोन्ही एकाच नळीमुळे.

बाहेर गटारातून वाफा निघत होत्या. सिलिंडरमध्ये वाफेचे झालेले गरम, स्वच्छ पाणी सरळ वाहून जात होते, आणि बॉयलरमध्ये मात्र बोअरचे गार पाणी जात होते. बॉयलरवाल्यांचा एक साधा ठोकताळा आहे. आत जाणारे पाणी सहा अंशांनी गरम असले की जळणात सुमारे एक टक्का बचत होते. तीस अंशांचे पाणी साठ अंशांवर गेले, तर शंभर किलो लाकडात पाच किलो वाचले. त्यासाठी लागते एक टाकी, एक पंप आणि थोडी नळी. लाकूडही ओले टाकू नये. ओले लाकूड आधी स्वतःतले पाणी उकळते, मग वाफ करते.

संध्याकाळी पंचगंगेच्या काठावर जाऊन बसलो. पाण्याला काळपट रंग होता आणि वासही होता. उरलेली खळ गटारातून नदीत आली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. रंगाचे पाणी आणि शहराची घाण त्यात मिसळते. २०१२ साली या गावात दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसे दगावली. बहीण ते दिवस आठवून म्हणाली, "दादा, प्रत्येक गल्लीत एक तरी आजारी होता." रोजावर जगणारा आजारी पडला की रोज बुडतो, वर औषधाचे कर्ज होते. म्हणून मोजून खळ शिजवणे आणि उरलेली पुन्हा वापरणे, यात मालकाचा पैसा वाचतो आणि गरिबाचे पाणीही वाचते.

पण या प्रवासातली खरी गोष्ट मला एका कांडीवाल्या मावशींनी सांगितली. खर्चीवाल्याच्या शेडमध्ये भिंतीवरचा खडूचा हिशेब त्या बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बिल कमी झालं तर मालकाचं वाचंल. आमचं काय?"

शेडमध्ये कोणी बोलेना. भाच्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, "मावशी, माग भंगारात गेला नाही तर तुमचं काम राहील, एवढं मी सांगू शकतो. बाकीचं तुम्ही मागायला पाहिजे. आणि हिशेब भिंतीवर आहे, तो वाचता येतो तुम्हाला." मावशी मालकांकडे वळल्या. जास्त काही मागितले नाही. कांडी मशीनवर एक पंखा आणि प्यायला गाळलेले पाणी. मालक म्हणाले, "पुढचं बिल येऊ दे, बघू."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यात कोणाची पिठाची गिरणी असेल, कोणाची खानावळ, कोणाचे इस्त्रीचे दुकान, कोणाच्या घरी शिलाईची चार मशीन. आज रात्री काम संपल्यावर सगळी बटणे बंद करा आणि मीटरपुढे दोन मिनिटे उभे राहा. पट्ट्याखाली भुकटी आहे का, नळ ठिबकतो का, चुलीची धग भांड्याला लागते की भिंतीला, हे बघा. कर्ज काढून नवी यंत्रे घेण्याआधी हे बघणे फुकट आहे. आणि जे वाचेल, त्याचा हिशेब आपल्याकडे राबणाऱ्याला वाचता येईल असा भिंतीवर लिहा.

मुंबईला परतून महिना झाला. परवा भाच्याचा फोन आला. बिल १४० युनिटांनी उतरले आहे. आणखी चार माग विकण्याची भाषा सध्या बंद आहे. मी विचारले, "आणि मावशींचा पंखा?"

"पंखा लागला मामा," तो म्हणाला. "पाण्याचं अजून मागणं चालू आहे."