रिकामा फलाट

ॲडलस्ट्रॉप हे एका गावाचे नाव आहे, याचा मला विद्यार्थिदशेत जणू विसरच पडला होता. माझ्या लेखी ते एका इंग्रजी कवितेचे नाव होते. वस्तुतः ग्लॉस्टरशरमधील या खेड्याजवळ १८५३ साली ऑक्सफर्ड, वुस्टर व वुल्व्हरहॅम्प्टन रेल्वेने स्थानक उघडले. २४ जून १९१४ रोजी एडवर्ड टॉमस यांची गाडी तेथे अवचित थांबली. त्यांनी टिपणवहीत नोंद केली. जानेवारी १९१५ मध्ये तिच्यातून सोळा ओळींची कविता सिद्ध झाली. ९ एप्रिल १९१७ रोजी ते आरासच्या रणभूमीवर पडले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती ‘न्यू स्टेट्समन’मध्ये प्रसिद्ध झाली.

अध्यापनाच्या निमित्ताने मी तिचा मराठी अनुवाद केला आणि वडिलांना वाचून दाखविला. त्यांची सारी नोकरी आडवळणाच्या लहान स्थानकांवर स्टेशनमास्तर म्हणून झालेली. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “फलाट रिकामा कसा असेल? मग सिग्नल कोणी दिला?” काव्यसत्य आणि वस्तुसत्य यांतील भेद मी त्यांना समजावून सांगितला. ते काही बोलले नाहीत.

१९६३ च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. ३ जानेवारी १९६६ रोजी ॲडलस्ट्रॉपही बंद झाले. वडिलांच्या पश्चात मी तेथे गेलो, तेव्हा स्थानकाची इमारत उरली नव्हती. रूळ मात्र जिवंत आहेत. गाड्या न थांबता निघून जातात. स्थानकाची पाटी आणि बाक गावातील बसथांब्याच्या निवाऱ्यात ठेवले आहेत. शेजारी ती कविता कोरलेली आहे. नाव कवितेने राखले; तेथे राबलेल्यांची नावे पाटीवर कधी नव्हतीच.

त्या बाकावर बसून मी मूळ कविता पुन्हा वाचली. तीत कोणीतरी खाकरल्याचा आवाज आहे. तो कोणाचा, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारले नव्हते. फलाटासाठी कवीने योजलेला शब्द ‘बेअर’ असा आहे. ‘रिकामा’ हा माझा. प्रवासी नव्हते एवढ्यावरून माणूसच नव्हते, असे मी ठरवून टाकले होते.

परतल्यावर हस्तलिखितात ‘रिकामा’ खोडून ‘मोकळा’ असे लिहिले. रूळ मोकळा असल्याची खात्री करून गाडी सोडणे, हेच तर वडिलांचे काम होते. दुरुस्ती एका शब्दाची. पण ती ऐकवायला ते राहिले नव्हते.