जाळी पडली पाहिजे

घावनाचं पीठ इतकं पातळ असतं की त्याचं काही होईल यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. भिजवलेले तांदूळ अगदी मऊ वाटायचे, मीठ घालायचं आणि बुडवून काढलेली पळी नुसती पांढुरकी दिसेल इतकं पाणी घालायचं. जरा वेळ तसंच ठेवलं तर तांदूळ तळाशी बसतो आणि वर निव्वळ पाणी राहतं, म्हणून दर घावनाआधी पीठ तळापासून ढवळून घ्यायचं. बिडाचा तवा सणसणीत तापला, की तेलात बुडवलेली कांद्याची फोड त्यावरून फिरवायची आणि वाटीने पीठ ओतायचं, तेही काठाकडून. मधोमध ओतून पसरायला गेलं तर फसगत होते, कारण हे पीठ पडतं तिथेच धरतं. आधी काठाने एक फेरी, मग आत, शेवटी मध्यभागी. चर्र आवाज होतो, पिठाला भोकंच भोकं पडतात, आणि तव्यापाशी असलेली सगळी माणसं वाकून एकच गोष्ट बघतात. जाळी पडली का?

जाळी नसलेलं घावनही पोट भरतं. तरी ते ताटात वाढताना कोकणातल्या बाईचा चेहरा पडतो, आणि मला तिचं अगदी पटतं. नारळाचा गोड रस घावनावर घातला की तो त्या भोकांमध्ये शिरून बसतो. जाळी नसेल तर रस घावनावरून ओघळून ताटात जातो आणि घावन कोरडंच राहतं.

पातळ पीठ तापल्या तव्यावर ओतण्याची रीत कुणी कुणाकडून घेतली, हे शोधत बसण्यात मला गोडी वाटत नाही. तापलेला दगड आणि भिजवलेलं पीठ जिथे एकमेकांजवळ आलं, तिथे ती आपापली सुरू झाली असणार. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन ऑलिव्ह तेलात भाजल्या जाणाऱ्या पिठाच्या पोळ्यांबद्दल लिहितो. त्या उलटून-पालटून भाजायच्या, काही जण त्यात मध घालतात, आणि पचायला त्या जड, असं त्याचं मत. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात डाळींच्या पिठाचा ‘धोसक’ आहे. आजच्या दक्षिण महाराष्ट्राचा बराच भाग या चालुक्यांच्या राज्यात होता, त्यामुळे देशावरच्या धिरड्याचं कूळ सांगताना मला हा राजा आठवतो. पण ग्रंथ पदार्थाची नोंद तेवढी करतात. जाळी कशी पाडायची, हे तव्यापाशी उभं राहूनच शिकावं लागतं.

जाळी पाडणारी असते वाफ. गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं. ते ताणलं जातं, वाफेला अडवून धरतं, म्हणून पोळी फुगते. तांदळात ते नाही. तवा कडक तापलेला असला की पातळ पिठातल्या पाण्याची झटक्यात वाफ होते, ती पीठ फोडून वर निघून जाते, आणि ते भोक पुन्हा मिटायच्या आत भोवतालचं स्टार्च घट्ट होतं. सगळा खेळ काही क्षणांचा. तवा कमी तापलेला असेल तर वाफ रेंगाळते आणि भोकं बुजतात. म्हणून आधी तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बघायचे. नुसते फसफसून विरले तर अजून थांबायचं. गोल होऊन तव्यावर पळायला लागले, की तवा पुरता तापला. थेंबाच्या खाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो, हे लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये लिहून ठेवलं. त्याने लालबुंद तापवलेल्या लोखंडी चमच्यात पाणी टाकून बघितलं होतं.

आता इथिओपियात जाऊ. तिथलं धान्य टेफ. त्याचा दाणा खसखशीएवढा, मुठीतून पेरताना बोटांच्या फटींतून निसटेल इतका लहान. त्यातही गव्हासारखं ग्लूटेन नाही. टेफचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात. वर पिवळसर पाणी जमतं, त्याला एर्शो म्हणतात. त्यातलं थोडं पुढच्या पिठाला विरजण म्हणून राखून ठेवायचं. आंबलेल्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून परत त्याच पिठात मिसळायचा, म्हणजे पीठ मिळून येतं. मग मिताद नावाचा मातीचा रुंद तवा तापवायचा आणि पीठ ओतायचं, बाहेरून आत, गोल गोल. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागचा उठलो. समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखातली बाईसुद्धा काठाकडूनच ओतते! पृष्ठभागावर भोकं उमटली की झाकण ठेवायचं. तयार होतो तो इंजेरा, आणि तो उलटायचा नसतो. खालची बाजू गुळगुळीत राहते आणि वरच्या बाजूवर शेकडो बारीक भोकं. तिथले लोक त्यांना डोळे म्हणतात, आणि डोळे न उघडलेला इंजेरा पाहुण्यांपुढे ठेवायचा तर तिथल्या बाईलाही संकोच होतो. भोकं तिथेही कामाचीच असतात. वर वाढलेल्या डाळीचा, मांसाचा तिखट रस्सा इंजेरा शोषून घेतो, आणि शेवटी तळाचा भिजलेला तुकडा उरतो, तो सगळ्यांत चविष्ट.

या टेफवरून एक मोठा वादही झाला. एका डच कंपनीने टेफच्या पिठावर युरोपात पेटंट मिळवलं. पिढ्यान्पिढ्या हे धान्य पिकवणाऱ्या, आंबवणाऱ्या, भाजणाऱ्या लोकांच्या ज्ञानावर दुसऱ्याच कुणाचा हक्क सांगितला गेला. हेगच्या न्यायालयाने २०१८ मध्ये ते पेटंट अवैध ठरवलं. हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्ध डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने दिलेली लढाई ज्यांना आठवते, त्यांना इथिओपियाचा संताप समजावून सांगावा लागणार नाही.

मोरोक्कोतलं बघरीर बारीक रव्याचं असतं, म्हणजे गव्हाचंच. पण पीठ इतकं सैल आणि यीस्टने इतकं फसफसलेलं की ग्लूटेनचं काही चालत नाही. तेही एकाच बाजूने भाजतात, आणि वितळवलेलं लोणी-मध त्याच्या भोकांमध्ये मुरवतात. रमजानच्या दिवसांत ते घरोघरी होतं.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात मात्र हाताची चाल वेगळी. तिथली जमीन हलकी, आम्लधर्मी. गहू तिथे नीट येत नसे. गरिबांना तगवलं ते कुट्टूने, जे आपल्याकडे उत्तरेत उपासाला चालतं. बिलिग नावाच्या गोल बिडाच्या तव्यावर मधोमध पीठ ओततात आणि रोझेल या छोट्या लाकडी दांड्याने मनगटाच्या एका वळशात ते कागदाइतकं पातळ पसरतात. तव्यावरच अंडं फोडून घालतात, चीज पसरतात, कडा आत दुमडून चौकोन करतात. जुन्या लोकांची आवड मात्र याहून साधी होती: ही कुट्टूची पोळी, म्हणजे गालेत, आणि सोबत ताक. आंबोळी ताकात बुडवून खाणाऱ्या माणसाला ब्रिटनीत परकं वाटू नये.

युरोपातल्या गोड, अंडी घातलेल्या पॅनकेकमागचं कारण वेगळं आहे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी, दूध, लोणी वर्ज्य असे, तेव्हा उपवासाच्या आदल्या मंगळवारी घरात असेल ते संपवायचं. रशियात त्याच सुमाराला आठवडाभर ब्लिनी होतात. इंग्लंडातल्या ओल्नी गावात बायका त्या दिवशी हातात तवा घेऊन, पॅनकेक उडवत शर्यत धावतात. ती प्रथा १४४५ पासूनची असं ते गाव सांगतं. पोर्तुगीजांबरोबर हा मंगळवार गोव्यात आला आणि इथल्या नारळाला भेटला. ‘आलेबेले’ म्हणजे मैदा-अंड्याच्या पातळ पोळीत गूळ-खोबऱ्याचं सारण घालून केलेली गुंडाळी. पोळी पाहुणी, सारण आपलं, मोदकातलं. मला विचाराल तर या मंगळवारचा जगातला सर्वांत चांगला पदार्थ गोव्यातच होतो.

एक गोष्ट मात्र मला घावनापेक्षा इंजेराची जास्त आवडते. घावन तव्यावरून थेट ताटात गेलं तरच खरं. गार झालं की चामट होतं. त्यामुळे घरातले सगळे गरम गरम खातात, आणि ओतणारी बाई शेवटी, थकल्या अंगाने बसते. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं असलं की त्या दिवशी तिचे पाय तव्यापाशीच अवघडतात. इंजेराला ही घाई नाही. एका बैठकीत दोन-तीन दिवसांचे भाजून ठेवतात, मग एकच मोठा इंजेरा मध्ये मांडतात आणि सगळे त्याच्याभोवती बसतात, भाजणारीसुद्धा. एकमेकांना घास भरवायचा, याला ते गुर्शा म्हणतात, आणि घास जितका मोठा तितकी माया जास्त असं मानतात.

आमच्याकडे गौरीच्या दिवशी आता तवा पाळीपाळीने फिरतो. मेहुण्यांना कांद्याची फोड कशी धरायची इथपासून शिकवावं लागलं. पीठ ढवळायला ते अजून विसरतात, पण काठाकडून ओतण्याचा हात त्यांना पटकन साधला, आणि वहिनीचं पहिलं घावन आता त्यांच्या हातचं असतं.