ब्युरेटवरचे ९.८

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास येतात, म्हणजे अकलूजमध्ये ऐन गाळप हंगामात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेट भरलेल्या जांभळ्या ब्युरेटांची. बाकावर लॉग टेबलची चुरगळलेली पुस्तिका. कॅल्क्युलेटर चालत नाही. तीन रीडिंग घ्यायची, जुळलेलं रीडिंग ‘सीबीआर’ (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून लिहायचं, सूत्रात घालायचं, लॉग बघायचा, अँटिलॉग बघायचा आणि उत्तराला चौकट करायची.

वर्षानुवर्षं हा प्रयोग घेणाऱ्या मॅडमना खरी धास्ती त्या चौकटीची असते. मुलांचे हात चांगले चालतात. पिपेटमध्ये बरोबर १० मिलिलिटर द्रावण येतं, शंकूपात्र नीट फिरतं, नळी थेंबाथेंबाने सुटते. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं, हेही पाठ असतं. पण ऑक्झॅलिक आम्ल मोजलं की परमँगनेट, असं विचारलं की वर्ग एकमेकांकडे बघतो.

उत्तर अवघड नाही: मोजलं ते परमँगनेट. १२६ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल म्हणजे एक मोल. लिटरभर द्रावणात ६.३ ग्रॅम विरघळवलं की ते ०.०५ मोलर होतं, आणि त्यातल्या १० मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिमोल आम्ल असतं. पाच मोल ऑक्झॅलिक आम्लाला दोन मोल परमँगनेट लागतं. म्हणजे अर्ध्या मिलिमोलला ०.२ मिलिमोल. ब्युरेटने ९.८ मिलिलिटर दाखवलं, तर एवढ्या द्रावणात ०.२ मिलिमोल परमँगनेट होतं. भागाकार केला की ०.०२०४ मोलर. परमँगनेटचं मोलर वस्तुमान १५८, म्हणून लिटरला सुमारे ३.२२ ग्रॅम. सूत्र पाठ नसलं तरी हे सगळं तोंडी होतं. मॅडम पहिले काही दिवस सूत्र फळ्यावर लिहीतच नाहीत, ते यासाठी. परीक्षेच्या तोंडावर मात्र लिहावंच लागतं, आणि मग मुलं सुटकेचा निःश्वास टाकून आधीचं सगळं विसरतात.

लॉग टेबल चार आकडे देतं, म्हणून वहीत ३.२२४ असं उत्तर येतं. त्यातला शेवटचा चार कुठून आला? नेहमीच्या ब्युरेटचा लहानात लहान भाग ०.१ मिलिलिटरचा आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. ९.८ मिलिलिटरमध्ये एका थेंबाची चूक म्हणजे अर्धा टक्का. तेवढ्याने ३.२२ चं ३.२१ किंवा ३.२४ होतं. तिसरा आकडाच डळमळीत असताना चौथा लिहिणं म्हणजे टेबलाची मेहनत स्वतःच्या नावावर खपवणं. तरीही चार आकड्यांचं उत्तर रुबाबदार दिसतं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर रुबाब लागतोच.

रीडिंग ‘जुळवण्याची’ विद्या यातूनच येते. ९.८, ९.८, ९.८. तीन वेळा तेच आलं की मॅडमना आनंदापेक्षा संशय जास्त वाटतो. ९.८, ९.९, ९.८ ही वही त्यांना अधिक खरी वाटते.

अकलूजच्या मुलांना टायट्रेशन दुरून आणून दाखवावं लागत नाही. घरोघरी गाई आहेत, शिवामृतसारखा दूध संघ शेजारी आहे. दुधाची आम्लता मोजायची रीत तीच: १० मिलिलिटर दूध, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, वरून सोडियम हायड्रॉक्साइड. गंमत सोड्याच्या तीव्रतेत आहे. ती पुष्कळदा एक नवमांश नॉर्मल घेतात. लॅक्टिक आम्लाचं वस्तुमान ९०, त्याचा नववा भाग १०. म्हणून या सोड्याचा एक मिलिलिटर बरोबर ०.०१ ग्रॅम लॅक्टिक आम्ल खातो. १० मिलिलिटर दुधाला १.४ मिलिलिटर लागला की आम्लता ०.१४ टक्के. ब्युरेट वाचायचं आणि दशांश चिन्ह एक घर सरकवायचं; लॉग नको, अँटिलॉग नको. ज्याने हा नवमांश पहिल्यांदा निवडला, त्याने सगळं गणित बाटलीतच विरघळवून ठेवलं.

पण याच बाटलीत एक चकवा आहे. नुकत्याच काढलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच. तिथे सोडा खातात ते केसीन, फॉस्फेट, सायट्रेट, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. दूध आंबायला लागल्यावर जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात आणि आकडा वर सरकतो. म्हणजे ताज्या दुधाचे ०.१४ टक्के ‘लॅक्टिक आम्ल’ हा निव्वळ लिहिण्याचा रिवाज आहे. ब्युरेट किती ते सांगतं, कोण ते सांगत नाही. ते आधी माणसाला ठाऊक असावं लागतं, आणि शाळेतला सगळा वेळ मात्र ‘किती’वरच जातो.

‘कोण’ची काळजी कशी घेतात, हे बघायला साखर कारखान्याची प्रयोगशाळा बरी. अकलूजच्याच माळशिरस तालुक्यात शंकरनगर, माळीनगर आणि श्रीपूर अशी साखरेची जुनी ठिकाणं आहेत. उसाचा रस स्वच्छ करायला चुना लागतो आणि चुना हवेत राहिला की कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. ती चुनखडीही आम्लाशी क्रिया करते. सरळ आम्ल टाकत गेलं, तर कामाचा चुना आणि वाया गेलेला चुना एकाच आकड्यात बसतात. शिवाय चुना पाण्यात फारसा विरघळत नाही, लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास.

उपाय म्हणजे साखर! साखरेच्या द्रावणात चुना सॅकरेट होऊन छान विरघळतो. चुनखडी तशीच राहते. मग फिनॉल्फ्थॅलिन घालून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करायचं. नॉर्मल आम्लाचा एक मिलिलिटर म्हणजे २८ मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. एक ग्रॅम नमुन्याला ३० मिलिलिटर लागलं, तर ८४० मिलिग्रॅम, म्हणजे चुना ८४ टक्के कामाचा. चुन्याने साखर स्वच्छ होते आणि साखरेने चुना मोजता येतो, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचाही एखादा वही उघडतो.

खुद्द साखर मोजायला मात्र टायट्रेशन नाही. ते काम पोलॅरिमीटरचं. ब्युरेट येतं ते साखर फुटल्यावर. तोडलेला ऊस ट्रॉलीत ताटकळला की त्यातलं सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं. त्यांची मोजणी लेन आणि आयनन यांच्या १९२३ च्या पद्धतीने होते. उकळत्या फेहलिंग द्रावणात ब्युरेटमधून रस सोडायचा. निळं तांबं लाल ऑक्साइड होऊन खाली बसतं, पण त्या लाल गाळात शेवट दिसत नाही, म्हणून मेथिलिन ब्लू घालतात. त्याचा निळा गेला की थांबायचं. उकळी थांबू द्यायची नाही; वाफेने हवा बाहेर राहते, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मेथिलिन ब्लूचा निळा रंग परत आणतो. सगळं मिनिटांत उरकायचं. शाळेत सावकाश थेंब सोडायला शिकवलेल्या हाताला इथे घाई शिकावी लागते. उष्णता मात्र त्या हाताच्या ओळखीची असते: परमँगनेटच्या प्रयोगातही आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतात, कारण थंडीत सुरुवातीचे थेंब रंग सोडायला वेळ लावतात. पुढे तयार झालेलं मँगनीजच क्रियेला वेग देतं.

परीक्षा संपल्यावर मॅडम एक प्रयोग हौसेने घेतात. मुलं घरच्या पाण्याच्या बाटल्या आणतात: नीरा नदीचं, कालव्याचं, बोअरचं. अमोनियाच्या बफरने पीएच १० करायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी घालायचा आणि ०.०१ मोलर ईडीटीएने लाल रंग निळा होईपर्यंत जायचं. इथेही एक मिलिलिटरला बरोबर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट बसतं. पाणी १० मिलिलिटर घेतलं की ब्युरेटचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० पर्यंत चांगला, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. ब्युरेटवर दोन मिलिलिटर आणि सहा मिलिलिटर. बोअरचं पाणी आणलेल्या मुलाची नजर सहाच्या रेघेवरून हलत नाही, आणि त्या दिवशी लॉग टेबल कुणी मागत नाही.