मामा, मास्क आणि मी

तलासरीचा मामा माझ्या वन रूम किचनमध्ये राहायला आला आणि खरं सांगू? मला आधी माझ्या डेडलाइन्स आठवल्या. कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांना खेटून गाठ. ऑपरेशननंतर उरलेल्या भागाला रेडिएशन, आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. २०१३ पासून डहाणू रोडहून थेट चर्चगेट लोकल आहे, पण रोज अप-डाऊन कसं जमणार? डोकं जराही हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क. नसांना जास्त डोस गेला तर नजर जायची धास्ती. खारघरच्या टाटामध्ये २०२३ पासून प्रोटॉनही आहेत, ते गाठीपलीकडे फारसे जात नाहीत. मामाचं एक्स-रेवर भागलं. "दुखत नाही गं, फक्त हलायचं नाही," तो म्हणायचा. तिसाव्या सिटिंगनंतर मास्क काखोटीला मारून गावी गेला. परवा फोन आला, "झाडावरचे चिकू मोजले, खालूनच!" डेडलाइन पुन्हा हुकली. हुकू दे.