मॅग्नेटिक आयलंड : पाण्याखालचे भाडेकरू

ग्रेट बॅरियर रीफ म्हटलं की सगळे थेट केर्न्स गाठतात. मी मुद्दाम टाउन्सव्हिलला उतरलो. तिथून फेरीने वीसेक मिनिटांत मॅग्नेटिक आयलंड! १७७० मध्ये इथून जाताना कॅप्टन कुकला आपलं होकायंत्र बिघडल्यासारखं वाटलं, म्हणून हे नाव. वर झाडांत कोआला, खाली जेफ्री बेमध्ये स्नॉर्केलिंग. (नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा सीझन. लायक्राच्या सूटशिवाय पाण्यात उतरायचं नाही!)

पाणी पोस्टकार्डसारखं निळंशार वगैरे नाही, चक्क गढूळ आहे. पण इथल्याच प्रवाळांनी शास्त्रज्ञांना एक भन्नाट गोष्ट सांगितलीय. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहतं आणि भाडं भरतं साखरेत. दिसायला सगळे भाडेकरू सारखेच, जनुकं मात्र वेगळी. इथल्या कोवळ्या प्रवाळांना ‘सी’ आणि ‘डी’ अशा दोन गटांचं शेवाळ देऊन पाहिलं. २००४ मध्ये निकाल आला : ‘सी’वाले दोन-तीन पट वेगाने वाढले. म्हणजे ‘डी’ बिनकामाचा? छे! २००६ मध्ये दिसलं, की ‘डी’ राहायला आला तर प्रवाळ एक ते दीड अंश जास्त उष्णता सोसतो. भाडं मात्र तो हात आखडूनच देतो.

खाण्याच्या बाबतीतही दोघांची तऱ्हा निराळी. २०१३ च्या प्रयोगात २८ अंशांना पाण्यातलं नायट्रेट ‘सी’ने जास्त खेचलं, ३० अंशांना मात्र दोघेही बरोबरीत आले. फक्त दोन अंशांचा फरक!

आता हे नायट्रेट येतं कुठून, ते बघा. दक्षिणेला बर्डेकिन नदी आहे, तिच्या काठाने उसाची शेती. पूर आला की खतातला नायट्रोजन समुद्रात आणि गढूळ लोंढा पार या बेटापर्यंत. आपल्याला वाटेल, खत मिळतंय, चांगलंच की! पण नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फरस कमी असेल, तर शेवाळ भराभर वाढतं, त्याचं तब्येतीचं गणित बिघडतं आणि कमी उष्णतेतही प्रवाळ पांढरा पडतो. समुद्र तापणं थांबवणं एका शेतकऱ्याच्या हातात नाही, पण खत मोजून घालणं आहे. मला ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

परतताना टाउन्सव्हिलच्या स्ट्रँडवर अंधार पडेपर्यंत थांबाच. जेट्टीजवळ पाण्यात ‘ओशन सायरन’ हा मुलीचा पुतळा २०१९ मध्ये उभारलाय. रीफवरच्या पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्याचे दिवे रंग बदलतात. नायट्रोजन दाखवणारा दिवा त्यात नाही.