जे पाहिलं तेवढंच सूचीत

भुशी, ता. मावळ
१४ जुलै २०२५

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध पोचला. भुशी धरणावर कुणी विद्यापीठासाठी लिहितंय याचाच आधी आनंद झाला, कारण आमच्या गावाचं नाव एरवी पावसाळ्याचे चार महिने बातम्यांत येतं ते गाड्यांच्या रांगांपायी. वाचायला मात्र मी शेवटच्या पानापासून घेतलं. ग्रंथालयात जन्म काढला की ही खोड लागतेच. आधी सूची बघायची, मग लेख. लिहिणारा कुठं कुठं जाऊन बसला, काय चाळलं आणि काय नुसतं ऐकलं, ते सूची सांगून टाकते. तुझी सूची सांगते की तू बराच वेळ फोनसमोर होतीस. राग मानू नकोस. निबंधाचा विषय चांगला आहे म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

दुसऱ्या पानावर धरण बांधल्याचं साल आहे आणि त्यापुढं तीन संदर्भ. तिन्ही मी पाहिले. एक पर्यटनाचं संकेतस्थळ, एक हॉटेलात ठेवतात तसली माहितीपुस्तिका आणि एक कुणाचं तरी प्रवासवर्णन. तिन्हींत वाक्य जवळजवळ अक्षरशः तेच, आणि ही माहिती आली कुठून याचा पत्ता एकाही ठिकाणी नाही. तोंडं तीन झाली, साक्षीदार एकही नाही. सांगोवांगीच ही, आकडा आहे म्हणून पुराव्यासारखी दिसते इतकंच. जीआयपी रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून धरण बांधलं, यात वाद नाही. सालाला मात्र कागद हवा. बॉम्बे गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा, १८८५ चा. त्याचे तीन भाग आहेत आणि गावांची माहिती तिसऱ्या भागात येते. लोणावळा तिथं काढून बघ. मग रेल्वे कंपनीचे अहवाल, मग पुण्याच्या पुराभिलेखागारातली दप्तरं. साल सापडलं तर पृष्ठासकट लिही. नाहीच सापडलं तर 'एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात' एवढंच लिही. त्यासाठी कुणी नापास करत नाही.

बर्कलेचं नाव सूचीत पाहून मात्र बरं वाटलं. जेम्स बर्कले, जीआयपीचा मुख्य इंजिनिअर. त्यानं १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढं भारतातल्या रेल्वेवर निबंध वाचला, तो छापलेला आहे. पण तू लिहितेस, 'घाट सुरू झाल्यावर गाड्यांची वाहतूक कशी वाढली याचं वर्णन बर्कले करतो.' अगं, भोर घाटाचा चढ सुरू झाला १८६३ च्या एप्रिलात, आणि बर्कले १८६२ मध्येच वारला. निबंध वाचला तेव्हा घाटात सुरुंग लागत होते. त्याचा निबंध घाट कसा आखला होता हे सांगेल. पुढं काय झालं ते सांगणारा माणूस दुसरा शोधायला हवा. मला संशय आहे की तू बर्कले वाचलाच नाहीस, कुणाच्या तरी पुस्तकाच्या तळटीपेतून उचललास. तसं करायला हरकत नाही, सगळेच करतात. पण मग तसं लिहावं: बर्कले, अमक्याच्या पुस्तकात उद्धृत, पृष्ठ अमुक. आणि सूचीत नाव त्या अमक्याचं घालावं, बर्कलेचं नाही. त्या अमक्यानं वाचताना चूक केली असेल तर ती त्याच्या पदरात राहते.

कंत्राटदार ट्रेडवेलच्या बायकोचंही तसंच. सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आल्यावर थोड्याच दिवसांत गेला आणि ॲलिसनं कंत्राट पुढं चालवलं, हे खरं. पण ती टोपी घालून घाटात मजुरांवर देखरेख करत होती हे तू कुठून आणलंस? प्रत्यक्ष काम तिनं अनुभवी इंजिनिअरांवर सोपवलं होतं. एवढी गोष्ट पुरेशी मोठी नाही का?

सूचीत एक लेख असा आहे, ज्याचं नियतकालिक खरं, खंड खरा, लेखकाचं आडनावही ओळखीचं. तो खंड मी काढून पाहिला. तू दिलेल्या पृष्ठांवर शेतसाऱ्याची चर्चा आहे, भुशीचं नाव नाही, त्या लेखकाचंही नाही. हा संदर्भ तुला यंत्रानं जुळवून दिला आहे, हो ना? हल्ली हे फार दिसतं. संदर्भ कसा दिसायला हवा हे त्या यंत्राला पक्कं ठाऊक असतं, आणि दिसतोही तसाच; स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. खोटा दाखला म्हणून वाचणाऱ्याला तो चटकन कळत नाही, कारण दाखला उघडून बघायची सवय आपल्यातच फार थोड्यांना आहे. तो काढून टाक. त्याच्या जागी दुसरा मिळाला नाही तर ते वाक्यही काढ.

मूळ कागदापर्यंत जा म्हणते ते काही म्हातारपणचा हट्ट म्हणून नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचं बघ. बखरींवरून वैशाखातली तिथी, शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल पुस्तकांत शिरलं आणि एकातून दुसऱ्यात जात राहिलं. १९१६ मध्ये टिळकांनी भोरकडच्या जेधे देशमुखांकडची शकावली छापून आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. पुढं परमानंदाचं शिवभारत प्रसिद्ध झालं, ते तर महाराजांच्या हयातीतलं, त्यातही तीच तिथी. दोन साधनं, एकमेकांवर न बेतलेली, एकच तिथी सांगतात. तरी वाद पाऊणशे वर्षांच्या वर चालला आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारदरबारी अगदी अलीकडं पक्की झाली. यातून तुला एक कामाची गोष्ट घेता येईल. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं शाळेत शिकवतात. शके १५५१ चे त्या हिशेबानं १६२९ होतात. पण फाल्गुन येतो इंग्रजी वर्ष उलटल्यावर, म्हणून तिथं ७९ मिळवायचे. शिवाय १९ फेब्रुवारी ही त्या वेळच्या जुन्या, ज्युलियन पंचांगाची तारीख. आजच्या पंचांगानं ती १ मार्च. तुझ्याकडच्या दोन जुन्या मराठी पुस्तकांवर फक्त शक छापलेला आहे आणि महिना नाही. तिथं शकच लिही, त्यापुढं इसवी सन आपल्या अंदाजानं चिकटवू नकोस.

पहिल्या पानावर घाटाचं प्राचीनत्व सांगताना तू 'कार्ल्याचा शिलालेख' असा दाखला दिला आहेस. कुठला? कार्ल्याला भिंतींवर, खांबांवर, दारांवर लेखच लेख आहेत. एमिल सेनार यांनी ते एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडात क्रमांक देऊन छापले. तो क्रमांक हवा, आणि लेख चैत्यात नेमका कुठं आहे तेही. पुढच्या वेळी एकवीरेला गेलीस की रांगेत उभी राहण्याआधी चैत्यातल्या खांबांकडं नीट बघ. देणाऱ्याचं नाव, त्याचं गाव आणि काय दिलं ते, एवढंच कोरलेलं असतं. धेनुकाकट हे गाव पुन्हा पुन्हा येतं; तिथले कित्येक दाते स्वतःला यवन म्हणवतात. पाथरवटाला हात दुखले असतील, तरी 'तत्रैव' म्हणून त्यानं वेळ मारून नेली नाही, दर वेळी गाव नव्यानं कोरलं. हे धेनुकाकट नेमकं कुठं होतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींचा १९५५ चा लेख त्यावरच आहे, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. तो मिळव. कोसंबी या परिसरात पायी हिंडलेला माणूस. तुझ्या घाटवाटेच्या मुद्द्याला त्यांचा लेख तुझ्या सूचीतल्या पहिल्या पाच पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता मांडणीचं. तुमच्या विभागानं कुठली पद्धत सांगितली आहे ती आधी विचार आणि एकदा धरली की सोडू नकोस. तुझ्या मसुद्यात अर्ध्या ठिकाणी कंसात आडनाव आणि साल, अर्ध्या ठिकाणी तळटीपा, हे चालायचं नाही. मराठी आणि इंग्रजी साधनांच्या सूच्या वेगळ्या कर. मराठी सूची अकारविल्हे लावताना संगणकावर विसंबू नकोस. तो 'क्षीरसागर, श्री. के.' यांना 'क' संपतानाच बसवतो, खऱ्यांच्या आधी. आणि 'ळ' ला 'ल' च्या शेजारी. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या पुढं. कुठलाही क्रम घे, पण सगळीकडं तोच घे.

राजवाड्यांची साधनं तू कुठल्या छापील प्रतीतून वाचलीस तेही लिही. पहिला खंड १८९८ चा. नंतर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानं समग्र साहित्य काढलं, त्याचे पृष्ठांक वेगळे. एकाचं साल आणि दुसऱ्याचं पृष्ठ दिलंस की वाचणारा दोन्ही पुस्तकं घेऊन बसला तरी त्याला ते वाक्य सापडणार नाही. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांचं पहिलं पान कित्येकदा गेलेलं असतं. तेव्हा शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची काढायची. १८०० ते १९३७ एक भाग, १९३८ ते १९५० दुसरा. लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठं सगळं आहे. इतकं खटपटीचं काम एका माणसानं केलं आणि आज ते कपाटात खालच्या फळीवर असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

बातम्यांबद्दल एक. ३० जून २०२४ ची दुर्घटना तू शेवटच्या भागात घेतली आहेस, ते योग्य केलंस. पण दाखला एकाच बातमीचा आहे, तोही दुसऱ्या दिवशीचा, आणि 'भुशी धरणात बुडाले' असा. ते कुटुंब वाहून गेलं धरणामागच्या धबधब्यात. पहिल्या बातम्यांत जी माणसं बेपत्ता होती त्यांचे मृतदेह नंतर मिळाले. वर्तमानपत्राचा संदर्भ देताना दिनांक, आवृत्ती आणि पान लागतं ते यासाठीच. या घटनेवर लिहिताना तीन-चार दिवसांचे अंक एकत्र वाच. मेलेल्यांची नावं निबंधात नको.

गावातल्या आजोबांची मुलाखत फार छान उतरली आहे, तिला सूचीत जागाच नाही! मुलाखत हेही साधन आहे. कोणाची, कुठं, कोणत्या तारखेला, आणि त्यांची परवानगी घेऊन. नाव नको म्हणाले तर 'भुशीतील ज्येष्ठ ग्रामस्थ' पुरे. फक्त एक हिशेब कर. कल्याण-पुणे मार्गावर वीज आली ती १९२९-३० मध्ये. आजोबा ऐंशीच्या घरातले. म्हणजे घाटातल्या इंजिनांना भुशीचं पाणी भरताना त्यांनी पाहिलं असण्यापेक्षा वडिलांकडून ऐकलं असण्याचा संभव जास्त. त्यांना विचार, ते सांगतील. आणि ते 'ऐकलं' म्हणाले तर तूही तसंच लिही. त्यानं मुलाखतीची किंमत कमी होत नाही.

तू फोनवर त्या टक्क्यांचं विचारलं होतंस. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ चे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, दहा ते चाळीसला सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. रीतसर दाखला दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत. या आकड्यांमुळे मुलं दुसऱ्याच्या वाक्यातले चार शब्द फिरवतात आणि सुटलो म्हणतात. शब्द आपले पण विचार त्याचा असेल, तर टक्का शून्य आला तरी नाव त्याचं द्यायचंच.

दुसरा मसुदा होईल तेव्हा होऊ दे; सूची दुरुस्त करून आधी पाठव. प्रत्येक नोंदीपुढं पेन्सिलीनं खूण कर: हातात घेऊन वाचलं, नुसतं चाळलं, दुसऱ्याकडून घेतलं. गॅझेटियरची प्रत मी इथल्या ओळखीनं मिळवून ठेवते. यायचं तर मधल्या वारी ये. काल रविवार होता, दूधवाल्याला गवळीवाड्यापासून इथं यायला दुपार झाली. आईला सांग, कोकमं संपली आहेत, येताना पाठव.

तुझी,
आत्या